एका फ्रेमचा फरक : सुटणाऱ्या बूस्टरचं तिसरं उड्डाण

माझ्या मॉडेल रॉकेटच्या तिसऱ्या उड्डाणात दोन्ही बूस्टर (बाजूंना लावलेली, मध्येच गळून पडणारी छोटी रॉकेटं) सुटले. सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओत एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. रॉकेट हललं ती पहिली फ्रेम धरली, तर उजवा बूस्टर चौपन्नाव्या फ्रेमला सुटला आणि डावा पंचावन्नाव्या. म्हणजे सेकंदाचा साठावा भाग इकडेतिकडे. मी ती क्लिप किती वेळा पाहिली ते सांगत नाही. पण इथवर यायला दोन उड्डाणं वाया गेली आणि दोन्ही वेळा कारणं वेगळी होती. या वाटेला जाणाऱ्यांना ती उपयोगी पडतील, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रचना. मुख्य रॉकेटची नळी बाहेरून साधारण ४१ मिमी आणि मधोमध २४ मिमीची एकच मोटर (जळून जोर देणारी दारूची नळी), डी१२-५. दोन बाजूंना दोन बूस्टर, प्रत्येकात १८ मिमीची बी६-२. यातलं अक्षर एकूण आवेगाचा, म्हणजे जोर गुणिले वेळ याचा, वर्ग सांगतं; पहिला आकडा साधारण सरासरी जोर न्यूटनमध्ये, आणि शेवटचा मोटर जळून संपल्यापासून पॅराशूट वगैरे बाहेर फेकेपर्यंतचे सेकंद. मोटरांसकट सगळ्याचं वजन २५५ ग्रॅम, त्यात एकेक बूस्टर ३२ ग्रॅमचा. मोटरी अर्थातच कारखान्यात बनलेल्या, काळ्या दारूच्या. क्लस्टरला, म्हणजे एकत्र पेटणाऱ्या अनेक मोटरींना, त्याच बऱ्या, कारण त्या चटकन पेटतात. कंपोझिट (रबरासारख्या घन इंधनाची) मोटर पेटायला किती वेळ घेईल याचा भरवसा नसतो, आणि इथे सगळा खेळ एकाच क्षणी पेटण्याचा आहे.

बूस्टरला मी आधी सी६ लावणार होतो. अक्षर एक पायरी वर गेलं की एकूण आवेगाची मर्यादा दुप्पट होते, म्हणजे सीमध्ये बीच्या दुप्पट जोर, मग कमी का घ्यायचं, असा हिशोब होता. ओपनरॉकेट या रॉकेट-आराखड्याच्या संगणक प्रोग्रॅममध्ये दोन्ही मोटरींचे आलेख एकावर एक ठेवले तेव्हा चूक दिसली. डी१२ जळते साधारण १.६ सेकंद आणि सी६ जळते १.८ सेकंदांच्या वर. बूस्टर मुख्य मोटरपेक्षा जास्त वेळ ढकलत राहिला तर तो सुटणार कसा? मुख्य मोटर विझली तरी तो खालून रेटतच राहील. बी६चा सरासरी जोरही तेवढाच, ६ न्यूटनच्या घरात, पण ती एका सेकंदाच्या आत संपते. तिथून पुढे मुख्य मोटर एकटी वेग वाढवते आणि रिकामा बूस्टर हवेच्या विरोधाने मागे पडतो. स्प्रिंग नको, टायमर नको, वेगळी दारू नको.

ही युक्ती जुनीच आहे. स्पुटनिक १९५७ साली ज्या आर-७ रॉकेटवर गेला, त्याचे चारही बूस्टर वरच्या टोकाने मुख्य रॉकेटच्या खोबणीत टेकून जोर देतात. जोर संपला की टोक खोबणीतून निसटतं, मग नाकाजवळच्या झडपेतून ऑक्सिजन बाहेर पडतो आणि बूस्टर बाहेरच्या बाजूला उलटतात. आकाशात उमटणाऱ्या त्या चौफुलीला आर-७च्या मुख्य रचनाकाराच्या नावावरून कोरोलेव्हचा क्रॉस म्हणतात. माझ्याकडे झडप नाही, म्हणून बूस्टरचं नाक तिरपं कापलं आणि उताराची बाजू मुख्य रॉकेटकडे ठेवली. दांडा निसटला की समोरून येणारी हवा त्या उतारावर आदळते आणि नाक बाहेर ढकललं जातं.

जोडणी अशी : बूस्टरच्या कुशीला, नाकाच्या थोडं खाली, वर तोंड केलेला ३ मिमीचा लाकडी दांडा. मुख्य रॉकेटला ४ मिमीची कागदी नळी, वरून बंद, खालून उघडी. दांडा त्यात शिरतो आणि बंद टोकाला टेकून जोर देतो. खालच्या बाजूला प्लायवूडची चपटी जीभ खाचेत बसते, त्यामुळे बूस्टर फिरत नाही.

पहिल्या उड्डाणात बूस्टर सुटलेच नाहीत. दांडा १८ मिमी लांब ठेवला होता, आणि रंगाचा दुसरा हात देताना थोडा रंग कागदी नळीत ओघळला होता. टेबलावर हाताने ओढला की बूस्टर सुटायचा, म्हणून मी तसाच पुढे गेलो. पण हात ओढतो सरळ, हवा ओढते तिरकस. लांब दांडा तिरका झाला की नळीत अडकतो, कपाटाचा खण एका बाजूने ओढला की अडकतो तसा. मोटरी विझल्यावर दोन सेकंदांनी बूस्टरांचे स्ट्रीमर (पडण्याचा वेग कमी करणाऱ्या लांब पट्ट्या) बाहेर पडले आणि रॉकेटच्या दोन्ही बाजूंना फडफडत राहिले. सगळं एकाच पॅराशूटवर खाली आलं, मोडतोड काही नाही. त्यानंतर दांडा ८ मिमीवर आणला, टोक गोल घासलं आणि नळीत रंगाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली.

दांडा आखूड केल्यावर लाँच पॅडवर नवीनच अडचण निघाली. बूस्टर आपल्याच वजनाने खाली घसरायला लागले. टेपचा तुकडा लावावा असं क्षणभर मनात आलं, पण सुटण्यासाठी केलेली जोडणी चिकटवायची, हे काही पटेना. मग ज्वाळा अडवणाऱ्या पत्र्यावर दोन धातूचे खुंट उभे केले. बूस्टर त्यांच्यावर टेकून उभे राहतात, आणि उडताना खुंट जागच्या जागी राहतात.

दुसरं उड्डाण मात्र मनाला लागलं. डावा बूस्टर पेटलाच नाही. तो खुंटावर उभाच राहिला आणि बाकीचं रॉकेट त्याला सोडून गेलं. उजव्या बूस्टरचा जोर मध्यरेषेपासून ३० मिमी लांब. सरासरी ६ न्यूटन धरले तरी ०.१८ न्यूटन-मीटर पीळ, आणि बी६चा जोर सुरुवातीला याच्या जवळपास दुप्पट असतो. रॉकेट पॅडवरच्या दिशा देणाऱ्या रॉडवरून सुटताच डावीकडे कलंडलं. वेग आल्यावर फिननी (शेपटीच्या पंखांनी) ते सावरलं, पण तोवर दिशा बदललेली होती. लांब गवतात उतरलं, एक फिन मुळापासून तुटला. सगळे अंतर राखून आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे होते, तेवढं बरं झालं.

उड्डाणानंतर पूर्ण मिनिटभर थांबलो, लाँच किल्ली काढून खिशात ठेवली आणि मगच पॅडजवळ गेलो. डाव्या मोटरमधला इग्नायटर (मोटर पेटवणारी विजेची वात) जळलेला होता. टोकाची काळी गुठळी गेलेली, पण नॉझलच्या मातीवर फक्त तपकिरी डाग. आतल्या दारूला धग पोचलीच नव्हती. न वापरलेल्या दुसऱ्या मोटरमध्ये नवा इग्नायटर बसवून, बॅटरीपासून लांब, नुसतं बघितलं. क्रोकोडाइल क्लिप लावल्या की त्यांच्या वजनाने इग्नायटर दोनतीन मिमी खाली सरकत होता. एका मोटरच्या रॉकेटमध्येही तसं होत असणार, पण तिथे फार तर रॉकेट उडत नाही. इथे अर्धं उडतं.

विद्युत जोडणी आधीपासून समांतर होती. मालिकेत जोडली तर पहिला इग्नायटर जळून तुटला की बाकीच्यांचा प्रवाहही तुटतो. पण समांतर जोडणीचा एक धोका माझ्या लक्षात आला नव्हता. तिन्ही जोडल्यावर सातत्याचा (विद्युत मंडळ जुळल्याचा) दिवा लागला याचा अर्थ किमान एक इग्नायटर ठीक आहे, एवढाच. म्हणून आता मोटरमध्ये घालण्याआधी प्रत्येक इग्नायटर मल्टिमीटरवर सुटा मोजतो. माझ्या पाकिटातले बहुतेक ०.७ ओहमच्या आसपास आहेत. एक १.१चा निघाला, तो बाजूला ठेवला. १२ व्होल्टची बॅटरी आणि रिले (लांबून विजेनेच चालू होणारा स्विच) पॅडजवळ नेले, त्यामुळे मोठा प्रवाह लांबच्या बारीक तारेतून जातच नाही. आणि क्लिपांचा भार आता पॅडच्या खांबाला मास्किंग टेपने बांधलेल्या तारा घेतात.

स्थिरतेचं थोडक्यात. रॉकेट सरळ जायला गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे हवा. जेम्स बॅरोमन यांच्या समीकरणांनी हे दाबकेंद्र दोनदा काढावं लागतं, बूस्टरसकट आणि बूस्टरशिवाय. बूस्टरचे फिन दाबकेंद्र मागे नेतात, पण त्यांचं वजनही मागेच असल्याने गुरुत्वमध्यही मागे सरकतो. या दोन बिंदूंमधलं माझं अंतर बूस्टरसकट १.३ कॅलिबर (एक कॅलिबर म्हणजे नळीचा एक व्यास) आणि नंतर १.६ आलं. हे उलटं आलं असतं तर मी नाकात वजन घातल्याशिवाय उडवलं नसतं.

तिसऱ्या वेळी आवाजच वेगळा होता. तीन फुसकारे नाहीत, एकच जाड फाटल्यासारखा आवाज, आणि रॉकेट रॉडवरून सरळ वर. सेकंद भरायच्या आत दोन ठिपके दोन बाजूंना कोलांट्या घेत मागे राहिले आणि मुख्य रॉकेट त्यांच्या मधून निघून गेलं. स्ट्रीमर दोन्ही उघडले. पॅराशूट जवळच उतरलं.

नुकसान : डाव्या स्ट्रीमरच्या पहिल्या दोन घड्या करपल्या, तिथे वॅडिंग (धगीपासून वाचवणारं न पेटणारं भरण) कमी पडलं. उजव्या जिभेला केसाएवढी चीर. चार बूस्टरांचा आराखडा तयार आहे, पण आधी हेच उड्डाण काहीही न बदलता आणखी दोनदा करणार आहे. नवी जीभ काल कापली, तिचा गोंद अजून वाळतोय.