थंडीत थंडीच पाहावी

जानेवारीत निफाड तालुक्यात अशा काही रात्री येतात, की पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आमच्या तालुक्याचे नाव पहिल्या पानावर झळकते. त्या रात्री द्राक्षबागांत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर केला जातो आणि पहाटे विहिरीचे त्यातल्या त्यात कोमट पाणी ठिबकमधून मुळांशी सोडले जाते, कारण पाणी भरलेले मणी गारठ्याने तडकले तर वर्षभराची मेहनत चार तासांत मातीमोल होते. घरातली थोरली माणसे अशा रात्री झोपत नाहीत, आणि ती झोपत नाहीत म्हणून मीही झोपत नाही. फरक इतकाच, की ती बागेत असतात आणि मी दोन गोधड्यांखाली लॅपटॉप घेऊन बसलेला असतो. गेल्या काही हिवाळ्यांतल्या अशा जागरणांतून माझे एक मत पक्के झाले आहे. थंडीच्या दिवसांत मन रमवायला समुद्रकिनाऱ्यांचे आणि उन्हाचे चित्रपट पाहू नयेत. थंडीत थंडीच पाहावी. मे महिन्यात पंख्याखाली बसून पाहिलेला बर्फ हा केवळ पांढरा रंग असतो, पण नाकाचा शेंडा गार पडलेला असताना तोच बर्फ कथेतल्या माणसांना काय करायला लावतो आहे, हे अंगाला कळते.

या दृष्टीने माझ्या यादीत पहिले नाव कोएन बंधूंच्या ‘फार्गो’चे, म्हणजे 1996 सालच्या चित्रपटाचे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गाड्या विकणारा, कर्जात बुडालेला जेरी नावाचा एक मनुष्य स्वतःच्याच बायकोचे अपहरण करवतो आणि पुढे सगळे त्याच्या हाताबाहेर जाते, अशी ही गोष्ट. सुरुवातीला पडद्यावर ही सत्यकथा असल्याचे गंभीरपणे लिहून येते, त्यावर विश्वास ठेवू नये. यातले एक दृश्य मी दर हिवाळ्यात पुन्हा पाहतो. सासऱ्याने मोठ्या व्यवहारातून बाजूला सारल्यावर जेरी बाहेरच्या मोकळ्या वाहनतळावर येतो. तिथे उभी असलेली त्याची गाडी बर्फाने माखलेली असते. तो खरवडणी घेऊन समोरच्या काचेवरचा बर्फ काढू लागतो, मध्येच संतापाने बेभान होऊन हातपाय आपटतो, गाडीवर खरवडणी बडवतो, आणि मग शांत होऊन पुन्हा निमूटपणे काच खरवडू लागतो. थंडी माणसाला धड रागावूही देत नाही, कारण राग आवरला तरी काच तशीच असते आणि घरी तर जायचेच असते.

हे दृश्य चालू असताना एकदा वडील बागेतून चहासाठी आत आले होते. थोडा वेळ उभे राहून त्यांनी विचारले, “एवढा खरवडत बसलाय, गरम पाणी ओतायला काय झालं त्याला?” गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतले तर काच तडकू शकते, असे मी सांगितले. “मग आपल्या मण्यांसारखंच की,” असे म्हणून ते कप घेऊन परत गेले. ‘फार्गो’वर मी आजवर वाचलेल्या कोणत्याही परीक्षणापेक्षा मला हे भाष्य अधिक नेमके वाटते.

याच चित्रपटात फ्रान्सिस मॅकडॉर्मंडने साकारलेली मार्ज ही सात महिन्यांची गरोदर पोलीसप्रमुख आहे, आणि त्या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले. भल्या पहाटे खुनाच्या वर्दीचा फोन येतो, तेव्हा तिचा नवरा अंधारात उठून तिच्यासाठी अंडी करतो. ती खाऊन बाहेर पडते आणि लगेच परत येऊन सांगते, की गाडी सुरू होत नाही. चित्रपटातली सगळी माया या एवढ्याशा प्रसंगात आहे. याच नावाची मालिका 2014 पासून आली. तिचा दहा भागांचा पहिला हंगाम जरूर पाहावा, मात्र आधी चित्रपट पाहून मगच.

गंमत अशी, की ‘फार्गो’च्या चित्रीकरणाच्या वेळी मिनेसोटात पुरेसा बर्फच पडला नव्हता; मंडळींना बर्फाच्या शोधात आणखी उत्तरेकडे जावे लागले आणि काही ठिकाणी तर कृत्रिम बर्फ वापरावा लागला. पडद्यावरची थंडी अनेकदा अशीच उसनी असते. डेव्हिड लीनच्या 1965 सालच्या ‘डॉक्टर झिवागो’तला रशियन हिवाळा बव्हंशी स्पेनमध्ये उभा केला होता आणि आतून-बाहेरून गोठलेले ते प्रसिद्ध घर मेणाचे होते. याउलट जॉन कार्पेंटरच्या ‘द थिंग’साठी (1982) अंटार्क्टिकावरच्या तळाचे आतले सेट लॉस एंजेलिसमध्ये यंत्रांनी खरोखर थंड केले होते, त्यामुळे नटांच्या तोंडून निघणारी वाफ खरी आहे. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे: बर्फाळ दृश्य आले, की मी आधी पात्रांच्या तोंडाकडे पाहतो. वाफ नसेल तर गोधडी थोडी सैल करायला हरकत नाही. (‘द थिंग’ एकट्याने पाहू नये आणि जेवताना तर मुळीच पाहू नये.)

शेकोटीच्या रात्रींशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी कलाकृती मात्र पोलंडची आहे. क्रिस्तॉफ किश्लोव्स्कीने 1980च्या दशकाच्या अखेरीस पोलिश दूरचित्रवाणीसाठी ‘डेकालॉग’ ही दहा भागांची मालिका केली. त्यातला सुमारे तासाभराचा पहिला भाग कडाक्याच्या थंडीत घडतो. वॉर्सातल्या एका वसाहतीत प्राध्यापक वडील आणि त्यांचा लहान मुलगा राहतात. दोघांनाही संगणकाचे वेड आहे. मुलाला घराजवळच्या गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करायला जायचे आहे, म्हणून वडील गेल्या काही दिवसांचे तापमान संगणकात भरून बर्फ किती वजन पेलेल याचे गणित मांडतात आणि उत्तर येते, की भीती नाही. पुढचे मी सांगणार नाही. तळ्याच्या काठी शेकोटीपाशी एक अनोळखी माणूस बसलेला आहे. तो काही बोलत नाही, काही करत नाही, फक्त पाहतो. आमच्याकडेही हवामानाचा अंदाज मोबाइलवर येतो, पारा किती उतरेल याचा आकडा संध्याकाळीच कळतो, आणि तरीही रात्री कोणीतरी उठून शेकोटीपाशी जाऊन बसतेच. हा भाग मी प्रथम पाहिला त्या रात्री लॅपटॉप बंद करून अंगावर घोंगडी घेऊन मीसुद्धा बागेत जाऊन बसलो होतो. आईला वाटले, मुलाला अक्कल आली.

मालिका सलग पाहणाऱ्यांसाठी आइसलंडची ‘ट्रॅप्ड’ (2015) आहे. तिच्या मूळ नावाचा अर्थ साधारणपणे ‘जाण्यायेण्याजोगा न राहिलेला रस्ता’ असा होतो, आणि दहा भागांचे सगळे कथानक त्या एका शब्दावर उभे आहे. डेन्मार्कहून आलेली मोठी बोट बंदरात उभी, पाण्यात सापडलेले छिन्नविच्छिन्न प्रेत, वादळाने बंद झालेला घाट, आणि राजधानीतून मदत येणे अशक्य. तपास करणारा आंद्री हा दाढीवाला, थोराड, थकलेला पोलीस अधिकारी कुठेही धावपळ करत नाही, कारण त्या बर्फात धावणे शक्यच नाही; ही संथ चाल मला तरी खटकली नाही.

हिंदीत मी ‘लूटेरा’ (2013) सुचवीन, तोही मुख्यतः उत्तरार्धासाठी. बंगालमधल्या जमीनदाराच्या वाड्यातून विक्रमादित्य मोटवाने कथा डलहौसीच्या बर्फात नेतो, आणि क्षयाने खंगलेली पाखी खिडकीबाहेरच्या झाडाची पाने मोजू लागते, तिथून चित्रपटाचा आवाजच खाली येतो. मराठीत मात्र शिफारस करताना माझी पंचाईत होते. आपल्या पडद्याला पाऊस पुष्कळ कळला आहे. थंडी अजून फारशी कळलेली नाही. प्रमुख पात्राने कानटोपी घालणे आपल्या दिग्दर्शकांना बहुधा मंजूर नसावे.

इतक्या गारठ्यानंतर ऊब हवी असेल, तर ती गोठलेल्या प्रदेशातल्या स्वयंपाकघरातच शोधावी. ‘लिटल फॉरेस्ट’च्या 2018 सालच्या कोरियन आवृत्तीत शहराला कंटाळून भर हिवाळ्यात गावी परतलेली तरुणी पहिल्यांदा काय करते, तर बर्फाखाली गाडला गेलेला कोबी उकरून काढते आणि त्याचे कढण करून पिते. पण या प्रकारातला माझा सर्वाधिक लाडका चित्रपट म्हणजे गॅब्रिएल अ‍ॅक्सेलचा डॅनिश ‘बॅबेट्स फीस्ट’ (1987). जटलंडच्या ओसाड किनाऱ्यावर, वाळवलेल्या माशांवर आणि पाव-बिअरच्या पेजेवर समाधान मानणाऱ्या दोन वृद्ध, धर्मनिष्ठ बहिणींच्या घरी पॅरिसहून परागंदा झालेली बॅबेट चौदा वर्षे स्वयंपाक करते. मग तिला दहा हजार फ्रँकची लॉटरी लागते आणि ती सगळीच्या सगळी रक्कम ती एका रात्रीच्या बारा पानांवर उधळते. हा ऐषाराम पाप ठरेल या भीतीने गावकरी जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही असे ठरवून बसतात, आणि कासवाच्या सूपपासून एकेक पदार्थ येऊ लागतो तसतसे त्यांचे चेहरे त्यांचे ऐकेनासे होतात. परदेशी चित्रपटाचे ऑस्कर याला मिळाले होते.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. हा चित्रपट उपाशीपोटी पाहायला बसू नये. पहिल्या वेळी मी रात्री साडेअकराला, संध्याकाळच्या नुसत्या चहावर बसलो होतो. लावा पक्ष्यांचा पदार्थ पानात पडेपर्यंत मला धीर निघेना. चित्रपट थांबवून स्वयंपाकघरात गेलो, तर डब्यात बाजरीची एक भाकरी आणि वाडग्यात तळाला चिकटलेले वांग्याचे भरीत उरले होते. चूल विझली होती, पण राख अजून गरम होती. भाकरी तिच्यावर धरून शेकली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि ताट घेऊन पुन्हा गोधडीत शिरलो, तेव्हा पडद्यावर तो वृद्ध जनरल पहिला घास घेत होता.