डोळा निरोगी, तरीही दिसेना

माझी भाची पहिलीत असताना शाळेत डोळ्यांची तपासणी झाली आणि तिला डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या केवळ वरच्या दोन ओळी वाचता येतात, असे लक्षात आले. उजवा डोळा उत्तम असल्यामुळे सहा वर्षांत घरातल्या कोणालाही, खुद्द तिलाही, शंका आली नव्हती. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून डोळा आतून तपासला. तो निरोगी होता, फक्त चष्म्याचा नंबर बराच मोठा होता. मात्र योग्य नंबरची काच लावल्यावरही तिला अक्षरे स्पष्ट दिसेनात, तेव्हा माझी बहीण घाबरून गेली. डोळा चांगला, काच बरोबर, मग अडते कुठे?

अडते ते मेंदूत. आपण डोळ्याला सहज कॅमेऱ्याची उपमा देतो, पण ती दृष्टिपटलापर्यंतच पुरते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि त्यामागचे भिंग प्रकाश एकवटतात आणि दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा उमटते. तिथल्या सुमारे १० कोटी प्रकाशग्राही पेशींनी टिपलेली माहिती मेंदूकडे नेणारे तंतू मात्र १० ते १२ लाखच असतात, म्हणजे निवड आणि काटछाट डोळ्यातच सुरू होते. पुढे डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीच्या केंद्रात, रेषा, कडा, हालचाल यांची छाननी होते आणि दोन डोळ्यांकडून आलेल्या संदेशांची सांगड घातली जाते.

मेंदू यात किती भर घालतो, हे घरीच पाहता येते. कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडेच पाहत कागद सावकाश जवळ आणावा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो, कारण त्याची प्रतिमा नेमकी दृष्टिचेता (मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची जुडी) डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी पडते आणि तिथे प्रकाशग्राही पेशीच नसतात. तरीही तिथे काळे भोक दिसत नाही, पांढरा कागदच दिसतो. हा पांढरेपणा मेंदूने भरलेला असतो. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा कितीतरी वेळ तो कागद पुढे-मागे करत बसलो होतो.

एका डोळ्याकडून लहानपणापासून अंधुक प्रतिमा येत राहिली, तर मेंदू दुसऱ्यावर विसंबतो आणि पहिल्याचे संदेश दडपू लागतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. मला हे नाव अन्यायकारक वाटते, कारण डोळा आपले काम करतच असतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी सुरुवातीचे काही महिने शिवून ठेवली. टाके काढल्यावर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या फारच थोड्या पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. प्रौढ मांजरांमध्ये मात्र असा परिणाम झाला नाही. पाहायला शिकण्याचा एक नाजूक काळ असतो, हे यातून स्पष्ट झाले. दृष्टियंत्रणेवरील संशोधनासाठी दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भाचीच्या हाती तो काळ अजून होता. चष्म्याबरोबरच रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची आणि त्या वेळात जवळचे, बारीक काम करायचे, असे ठरले. माझ्या आईने तिला तांदूळ निवडायला बसवले. पहिल्या आठवड्यात ती ताटातले खडे बोटांनी चाचपून शोधायची, चिडायची, पट्टी ओढायची, आणि बहिणीला तिची समजूत घालता घालता रडू यायचे. दीड-दोन महिन्यांनी एका संध्याकाळी तिने हात मांडीवर ठेवूनच सांगितले, "आजी, तो बघ, तुझ्या अंगठ्याजवळ काळा खडा आहे." पुढच्या तपासणीत तिने त्याच डोळ्याने तक्त्यावरच्या आणखी तीन ओळी वाचल्या. पट्टी अजून सुटलेली नाही. आई आता तिला मोहरी निवडायला देते.