अणू, अणु आणि वहीतले तीन रकाने

दहावीपर्यंतचे माझे शिक्षण विदर्भात मराठी माध्यमातून झाले आणि अकरावीला मी ग्वाल्हेरला, शहराच्या लष्कर नावाच्या भागात मामाकडे राहायला आले. रसायनशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात सर ‘जल का एक अणु’ असे म्हणाले आणि मी गोंधळून गेले. पाणी हे संयुग आहे, मूलद्रव्य नव्हे, तेव्हा त्याला अणू कुठून असणार, पाण्याचा असतो तो रेणू, हे माझ्या डोक्यात पक्के बसलेले होते. मराठीत ज्याला आपण रेणू म्हणतो त्याला हिंदीत अणु म्हणतात आणि आपला अणू हिंदीत परमाणु होतो, हे उमगायला मला दोन दिवस लागले. मामीने दिलेल्या दोनशे पानी वहीत मी त्या संध्याकाळी तीन रकाने आखले आणि मराठी, हिंदी, इंग्रजी अशा क्रमाने शब्द लिहायला सुरुवात केली.

नवे शब्द पाठ करता येतात. खरा त्रास देतात ते ओळखीचे शब्द. मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ, तर हिंदीत त्याला लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द अल्कलीसाठी राखलेला आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकल फाइलमध्ये मी लवणाच्या जागी सगळीकडे क्षार लिहिले होते आणि मॅडमनी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ ओढली होती. निरीक्षणे बरोबर होती, निष्कर्ष बरोबर होता, पण वाचणाऱ्याला तो संपूर्ण चुकलेला दिसत होता. शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या मुलीलाही मी कोशिकेला, म्हणजे इंग्रजीतल्या सेलला, पेशी म्हणते याचे नवल वाटे, कारण तिच्या हिंदीत पेशी म्हणजे स्नायू.

एम.एस्सी.साठी मी जिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र अध्ययनशाळेत गेले. 1964 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ मोठ्या शहरांतल्या लोकांना फारसे ठाऊक नसते, परंतु भिंड, मुरैना, श्योपूर, शिवपुरी, दतिया या भागांतल्या मुलांसाठी उच्च शिक्षणाचे दार बहुधा तेच असते. आमच्या वर्गातले कितीतरी जण रोज अप-डाउन करीत. जौरा-कैलारसकडची मुले ग्वाल्हेर-श्योपूर नॅरोगेज गाडीने येत. दोन फूट रुंदीच्या रुळांवरची ती गाडी 2020 मध्ये गेज बदलण्यासाठी बंद झाली. डब्यात उभ्याने वाचत आलेला मुलगा सकाळच्या तासाला बसे तेव्हा त्याच्या हातात जाड इंग्रजी पुस्तक असे, आणि त्याने आयुष्यात तोवर इंग्रजीत एकही विषय शिकलेला नसे. शाळा हिंदीत, बी.एस्सी. हिंदीत, आणि मग एका उन्हाळी सुट्टीनंतर सगळे इंग्रजीत, हा आमच्याकडच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा नेहमीचा प्रवास आहे. त्या सुट्टीत त्याला कोणीही काही शिकवत नाही. घरी मराठी बोलणारी मी त्यांच्यापेक्षा एक पायरी अधिक चढले होते, एवढाच फरक. उलट शब्दांवर संशय घेण्याची सवय मला आधीच लागलेली होती, याचा मला फायदाच झाला.

आपण सगळे पारिभाषिक शब्दांची चिंता करतो. मला इतक्या वर्षांत असे दिसले आहे की विद्यार्थी पारिभाषिक शब्दांवर अडत नाहीत. इलेक्ट्रॉनची जोडी देऊन दुसऱ्या अणूवर हल्ला करणाऱ्या कणाला न्यूक्लिओफाइल म्हटले काय किंवा हिंदीतले नाभिकरागी म्हटले काय, आठवड्याभरात तो शब्द तोंडात बसतो. अडतात ते छोट्या शब्दांवर आणि वाक्याच्या बांधणीवर. ‘रिस्पेक्टिव्हली’ या एका शब्दामुळे मी चांगल्या चांगल्या मुलांचे गुण जाताना पाहिले आहेत: दोन संयुगे दिलेली असतात, पुढे दोन उत्कलनबिंदू दिलेले असतात, आणि पहिल्याला पहिला व दुसऱ्याला दुसरा हा अर्थच लागत नाही. ‘अनलेस’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘हेन्स’ यांचेही तसेच. त्याहून अवघड असते कर्मणी रचना. इंग्रजी पुस्तकात ‘कार्बन इज अटॅक्ड बाय द न्यूक्लिओफाइल’ असे लिहिलेले असते, आणि मुले पहिला शब्द कर्ता समजून कार्बनकडूनच हल्ला करवतात. मग इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणाऱ्या बाणाची दिशा उलटते, अभिक्रियेची संपूर्ण यंत्रणा उलटते, आणि शिक्षक म्हणतात की मुलाला सेंद्रिय रसायनशास्त्र कळत नाही. त्याला रसायनशास्त्र कळत असते. त्याला ते वाक्य कळलेले नसते.

सध्या मी एका शासकीय महाविद्यालयात अतिथी विद्वान, म्हणजे कायम नेमणूक नसलेली प्राध्यापक, म्हणून शिकवते. तिथल्या एम.एस्सी.च्या एका तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला इंग्रजीत विचारले की इथेनॉलपेक्षा फिनॉल अधिक आम्लधर्मी का असते. ती भिंडजवळच्या गावातून येणारी, प्रयोगशाळेत सर्वांत नेटके काम करणारी मुलगी. ती गप्प राहिली. परीक्षकांनी प्रश्न पुन्हा इंग्रजीतच विचारला, मग कागदावर काहीतरी टिपले आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावण्याची खूण केली. मी त्यांची परवानगी घेऊन तोच प्रश्न हिंदीत विचारला. ती एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेली, तिने फिनॉक्साइड आयनाचे वलय काढले आणि ऋणभार ऑक्सिजनवरून वलयात नेऊन दोन ऑर्थो आणि एका पॅरा स्थानावर एकेक करून मांडून दाखवला. शेजारी इथॉक्साइड काढून तिने त्याखाली लिहिले, ‘यहाँ कोई अनुनाद नहीं’, म्हणजे इथे भार असा वाटला जात नाही. मग खडू ठेवून हळूच म्हणाली, ‘मॅम, एक का पी-के-ए दस के पास है, दूसरे का सोलह के पास.’ (हा आकडा जितका लहान, तितका पदार्थ अधिक आम्लधर्मी.) याहून पूर्ण उत्तर मी स्वतःही दिले नसते. परीक्षकांनी मान डोलावली, परंतु कागदावरचा आकडा त्यांनी बदलला की नाही हे मला कधीच समजले नाही, आणि त्या दिवसाचा सल माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ऑक्टोबर 2022 मध्ये मध्य प्रदेशात एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली तेव्हा त्यांत इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या आहेत यावर बरीच टीका झाली. मला ती पद्धत योग्य वाटते. संज्ञा जगात चालते तीच राहू द्यावी. ती समजावून सांगणारे वाक्य मात्र मुलाच्या भाषेत असावे. यापुढचे माझे म्हणणे असे आहे की इंग्रजी वाक्य वाचणे हीसुद्धा विज्ञानाच्या वर्गात शिकवण्याची गोष्ट आहे आणि ती इंग्रजीच्या प्राध्यापकांवर सोडून चालणार नाही, कारण त्या वाक्यात कोण कोणावर हल्ला करतो हे रसायनशास्त्र येणाऱ्यालाच दाखवता येते. म्हणून मी प्रत्येक तासाची पहिली पंधरा मिनिटे पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेते, वाक्य तोडते, कर्ता शोधायला लावते आणि मगच फळ्यावर बाण काढू देते. अभ्यासक्रम थोडा मागे पडतो. वर्ग वीस-बावीस जणांचा असल्यामुळे प्रत्येकाचा आवाज दर आठवड्याला ऐकता येतो, आणि लहान विद्यापीठाची ही श्रीमंती मोठ्या शहरांतल्या भरगच्च वर्गांना मिळत नाही, असे मला मनापासून वाटते.

त्या तोंडी परीक्षेनंतर भिंडची ती मुलगी माझी जुनी वही उतरवून घेण्यासाठी वसतिगृहावर घेऊन गेली. मराठीचा रकाना तिला उपयोगाचा नव्हता, तरी तिने तोही उतरवला, कारण अणु आणि अणू यांची गंमत तिला फार आवडली होती. वही परत आली तेव्हा मागच्या कोऱ्या पानांवर तिच्या बारीक अक्षरात एक नवी यादी होती. त्यात एकही पारिभाषिक शब्द नव्हता. पहिल्या ओळीत रिस्पेक्टिव्हली होते, आणि त्यासमोर तिने लिहिले होते: ‘इसी क्रम में’.