रूटचंही न ऐकणारी फाइल

आप्पांना सोसायटीच्या पीककर्जासाठी सातबारा हवा होता, डिजिटल सहीचा. "पंधरा रुपयं भरलं की घरबसल्या निघतोय म्हणं," असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मी मे महिन्यात चार दिवस गावी आलो होतो. ऑफिसचा लॅपटॉप पुण्यातच ठेवलेला. सोबत होता तो माझा जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट घातलेला, पुण्यातला फ्लॅट सोडल्यापासून वर्षभर खोक्यात पडून असलेला. आप्पांच्या मोबाइलच्या काचेला मधोमध तडा गेलाय, त्यावर फॉर्म भरायचा म्हणजे डोळ्यांना शिक्षा. म्हणून लॅपटॉप काढला, घरच्या वाय-फायला जोडला, फायरफॉक्स उघडला.

टॅबवरचं गोल चक्र फिरत राहिलं. मग पान आलं ते एवढंच सांगायला, की ही साइट सापडत नाही. गूगल टाकून बघितलं, तेच. वर्तमानपत्राची साइट, तेच. कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह मात्र पूर्ण भरलेलं, आणि शेजारी बसून आप्पा त्याच वाय-फायवर कीर्तनाचा व्हिडिओ बघतायत.

मी हिशेब तपासनीस आहे, संगणकवाला नव्हे. लिनक्स वापरतो कारण या लॅपटॉपवर विंडोज रडतखडत चालायचं. त्यामुळे पहिला तासभर मी जे केलं ते कुणीही करेल तेच. राउटरचा प्लग काढून परत लावला. कॅशे साफ केला. प्रायव्हेट विंडो उघडली. फायरफॉक्सचा ट्रबलशूट मोड लावला, म्हणजे सगळे ॲड-ऑन बंद. सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सी कुठे अडकलाय का तेही पाहिलं, नव्हता. नवं प्रोफाइल बनवलं. लॅपटॉपवर क्रोमियमही होता, त्यातही तेच, फक्त त्याच्या संदेशात कुठेतरी 'डीएनएस' असं लिहिलेलं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सोय. तेव्हाच तिथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, मी लॅपटॉप रीस्टार्ट केला.

"न्हाई लागत?" आप्पा.

"लागेल हो."

मग वाटलं, घरच्या नेटचंच काहीतरी बिनसलंय, फोनला चालतंय पण लॅपटॉपला नाही. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला आणि लॅपटॉप त्याला जोडला. तिथेही एक साइट उघडेना. ही चाचणी आधीच केली असती तर राउटर बिचारा दोनदा बंद झाला नसता. दोन वेगळी नेटवर्कं आणि दुखणं एकच, म्हणजे खोट लॅपटॉपात. आणि दोन ब्राउझर अडकतायत, म्हणजे ब्राउझरात नाही. खात्री म्हणून परत घरच्या वाय-फायवर आलो आणि फायरफॉक्समध्ये राउटरचा आकडी पत्ता टाकला, १९२.१६८.१.१. राउटरचं लॉगिनचं पान झटक्यात उघडलं. फायरफॉक्स ठणठणीत होता.

आता टर्मिनल उघडणं भाग होतं. मला चार-पाचच कमांड येतात, त्यातली एक पिंग, समोरचं यंत्र हाकेला ओ देतंय का ते बघणारी. पिंग ८.८.८.८ असं टाकलं. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता, लक्षात राहायला सोपा म्हणून सगळे हाच वापरतात. धडाधड उत्तरं यायला लागली, एकही पाकीट हरवलं नाही. मग आकड्यांऐवजी नाव टाकलं, पिंग गूगल डॉट कॉम. कर्सर बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला आणि मग ओळ आली: 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन'. आकड्याने जाता येतंय, नावाने जाता येत नाही.

आमच्या गावात पाहुणा एसटीतून उतरला की स्टँडसमोरच्या टपरीवर विचारतो, अमक्याचं घर कुठं. टपरीवाला सांगतो, वड्याच्या पलीकडं, पिंपळाला वळसा घालून. डीएनएस म्हणजे तो टपरीवाला. माझा लॅपटॉप रस्ता चालू शकत होता, पण घर विचारायला कुठल्या टपरीवर जात होता कोण जाणे. तो कुणाला विचारतो ते लिनक्समध्ये एका छोट्या फाइलीत लिहिलेलं असतं, ईटीसी फोल्डरातली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ. हे मी आप्पांच्या तडा गेलेल्या मोबाइलवर वाचलं, एक डोळा बारीक करून.

फाइल उघडली. आत एकच ओळ: नेमसर्व्हर, आणि पुढे १९२.१६८.०.५०.

घरचं नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होतं. इथे ० होता. हा पत्ता या घरातला नव्हताच. खासगी पत्ता असल्यामुळे बाहेरच्या इंटरनेटवरही तो कुणाचा असणं शक्य नाही. लॅपटॉप प्रत्येक साइटसाठी अशा पत्त्यावर जाऊन हाक मारत होता जिथे कुणीच राहत नाही. पाच सेकंद वाट बघायची, परत हाक मारायची, परत पाच सेकंद, असा त्याचा ठरलेला शिरस्ता. गोल चक्र एवढा वेळ का फिरतं त्याचा उलगडा झाला.

तरीही माझा अंदाज बरोबर आहे का हे बघायचं होतं. हिशेबात जुळवून घेतल्याशिवाय मला झोप येत नाही. एनएसलुकअप या कमांडला मराठी विकिपीडियाचा पत्ता दिला आणि पुढे ८.८.८.८ लिहिलं, म्हणजे नेहमीची टपरी सोडून याला विचार. लगेच आकडा आला. तो आकडा आणि नाव मी होस्ट्स नावाच्या फाइलीत एका ओळीत लिहून ठेवलं. ही फाइल म्हणजे डीएनएसच्या आधीच्या काळाची आठवण आहे. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची कल्पना मांडली, त्याआधी आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असायची आणि ती यादी सगळ्यांनी उतरवून घ्यायची. यंत्र आजही आधी ही घरातली यादी बघतं, मग बाहेर विचारतं.

फायरफॉक्समध्ये मराठी विकिपीडिया उघडला. साताऱ्याचा लेख आला, पण एकही चित्र नाही, चित्रांच्या जागी रिकामे चौकोन. दोन मिनिटं मी चक्रावलो, मग लक्षात आलं की विकिपीडियाचा मजकूर एका पत्त्यावरून येतो आणि चित्रं दुसऱ्या, आणि दुसरा पत्ता मी यादीत लिहिलेलाच नाही. एवढा आनंद मला अर्धवट उघडलेल्या पानाचा कधी झाला नव्हता. आप्पांना दाखवलं.

"फोटु कुटं हायत?"

"येतील. कारण कळलंय आता."

कारण कळलं होतं, पण गोष्ट इथे संपली नाही. ओळ बदलायची, फाइल सेव्ह करायची, पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं. सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने, नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये फाइल उघडली, ५० चा पत्ता खोडून ८.८.८.८ लिहिला, सेव्ह केलं. खाली पट्टी आली: 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. पासवर्ड चुकला असेल म्हणून परत केलं. तेच. मग चिडून फाइलच उडवायला गेलो. उडेना. नाव बदलायला गेलो. बदलेना.

लिनक्समध्ये रूट म्हणजे घरातला कर्ता. त्याला कुणी नाही म्हणत नाही. रूटच्या हाताने तुम्ही अख्खी सिस्टिम पुसू शकता, नको त्या वेळी पुसताही. आणि इथे एक ओळीची फाइल त्याला दाद देत नव्हती. एलएस लावून तिची माहिती पाहिली: मालक रूट, लिहायची परवानगी रूटला आहे, सगळं नियमात. तारीख मात्र सप्टेंबर २०२३ ची. खरं तर मिंटवर ही साधी फाइल नसतेच, ती एक लिंक असते. नाव इथे आणि खरी फाइल दुसरीकडे, जी सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड नावाची सेवा दर वेळी नेटवर्क जोडलं की ताजी करते. माझ्याकडे लिंक मोडून कुणीतरी तिथे खरीखुरी फाइल ठेवली होती. रिझॉल्व्ह-सीटीएल स्टेटस टाकल्यावर त्या सेवेने स्वतःच सांगितलं, या फाइलीची स्थिती 'फॉरेन'. म्हणजे ही माझी नव्हे, परकी आहे. शब्द मला आवडला.

पण परकी असली तरी रूटपुढे का उभी राहावी? पुन्हा आप्पांचा मोबाइल, पुन्हा एक डोळा बारीक. उत्तर एका कमांडीत होतं जी मी माझ्या समजुतीप्रमाणे आयुष्यात वापरली नव्हती: एलएस-ॲटर. टाकली. फाइलीच्या नावापुढे आडव्या रेघांची रांग आणि मधेच एक छोटा आय.

हा आय म्हणजे 'इम्युटेबल', न बदलणारी. नेहमीच्या वाचा-लिहा-चालवा परवानग्यांहून ही गोष्ट वेगळी, फाइल सिस्टिमच्या पातळीवरची. हा आय लागला की फाइल बदलता येत नाही, पुसता येत नाही, तिचं नाव बदलता येत नाही, रूटलाही नाही. आय काढायचा हक्क रूटला आहे, पण आधी तो लागलाय हे त्याला माहीत हवं. कर्त्याने तिजोरीची किल्ली स्वतःच कुठेतरी ठेवून विसरून जावं तसं.

मग प्रश्न उरला, लावला कुणी. मनात पहिली शंका पुण्यातल्या फ्लॅटमधल्या रूममेटची. तो संगणकवाला, आणि मी नसताना माझा लॅपटॉप घेऊन बसायचा. फोन लावायच्या आधी मी टर्मिनलचा इतिहास चाळला. जुन्या कमांड एका लपलेल्या फाइलीत साठतात आणि मी टर्मिनल इतकं कमी वापरतो की दोन-तीन वर्षांपूर्वीच्या ओळीही तशाच होत्या. हा आय लावायची-काढायची कमांड 'चॅटर', तो शब्द शोधला. एक ओळ सापडली: सुडो, चॅटर, अधिक आय, आणि पुढे त्या फाइलीचं नाव. तिच्या वरच्या दोन-तीन ओळी वाचल्या आणि मला सगळं आठवलं, अगदी त्या रात्रीचा पाऊससुद्धा.

पुण्यात रूममेटने चपलांच्या स्टँडवर एक रास्पबेरी पाय ठेवला होता, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. त्यावर पाय-होल चालायचं. सगळ्या फ्लॅटने साइटची नावं त्याला विचारायची आणि त्याने जाहिरातवाल्यांची नावं सांगायचीच नाहीत. उपाय छान होता, अर्ध्या जाहिराती गायब व्हायच्या. त्याचा पत्ता, १९२.१६८.०.५०. तो मी माझ्या फाइलीत लिहायचो आणि लॅपटॉप रीस्टार्ट झाला की पुसला जायचा. तेव्हा गणपतीच्या आदल्या आठवड्यात कुठूनतरी चार ओळी उचलून टर्मिनलमध्ये चिकटवल्या, न वाचता. शेवटची ओळ कुलूप लावायची होती. पुढची जवळजवळ दोन वर्षं तो लॅपटॉप फ्लॅटबाहेर गेलाच नाही, त्यामुळे कुलूप लावलंय हे कधी कळायचं कारणच पडलं नाही.

रूममेटला फोन केला, आता तो बंगळूरला असतो. म्हणाला, "पाय ड्रॉवरमध्ये पडलाय रे, कार्ड उडालं त्याचं. आणि तेव्हा मी तुला सांगत होतो ना, राउटरमध्येच टाकू म्हणून? तू म्हणालास, माझं मी बघतो." मी विषय बदलला.

पुढचं पटकन झालं. चॅटर उणे आय. फाइल पुसली, या वेळी मुकाट्याने गेली. तिच्या जागी पूर्वीसारखी लिंक केली, रन फोल्डरातल्या सिस्टिमडीच्या स्टब फाइलीकडे जाणारी, आणि रिझॉल्व्ह्ड सेवा रीस्टार्ट केली. फाइल परत वाचली तर नेमसर्व्हरपुढे १२७.०.०.५३. हा पत्ता बघून पुन्हा पोटात गोळा आला, पण तो लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता असतो. आधी घरातल्या सेवेला विचारायचं आणि तिने त्या त्या नेटवर्कच्या सर्व्हरला विचारायचं, अशी ती सोय. ८.८.८.८ लिहायची गरजच पडली नाही. फायरफॉक्स बंदही करावा लागला नाही, साताऱ्याचं पान रिफ्रेश केलं आणि रिकाम्या चौकोनांत चित्रं भरली.

लॅपटॉप आप्पांकडे सरकवणार तेवढ्यात होस्ट्स फाइलीतली ओळ आठवली. विकिपीडियाचा आकडा तिथे तसाच होता. तो बदलला असता तर दोन वर्षांनी एकच साइट बंद, बाकी सगळं चालू, आणि मी पुन्हा डोकं धरून बसलेला. उठून ती ओळ काढली.

सातबारा सात मिनिटांत निघाला. ओटीपी आप्पांच्या मोबाइलवर आला, नेमका तड्याच्या खाली, त्यातला एक आकडा ३ की ८ यावर आमचं थोडं बोलणं झालं. पंधरा रुपये भरले, पीडीएफ उतरवली. आप्पांनी चष्मा लावून स्क्रीनवर गट नंबर, क्षेत्र, भोगवटादार असं एकेक बोट ठेवून वाचलं.

"दोन तास लागलं व्हय रं ह्येला?"

"नाही आप्पा, सातच मिनिटं. बाकीचा वेळ माझं मीच लावलेलं कुलूप काढत होतो."

"प्रिंट कुटं काढायची आता?"

घरात प्रिंटर नाही. पीडीएफ पेन ड्राइव्हवर घातली आणि आम्ही दोघं गाडीवरून झेरॉक्सच्या दुकानात गेलो.