पिवळा टॅग

रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे आला होता. बारा पानं. पहिल्या पानावर राखाडी चौकटीत तीन अक्षरं होती, व्हीयूएस. ती वाचली आणि उद्याची भेट अवघड जाणार हे कळलं.

मी ठाण्यात एका निदान केंद्रात जनुकीय समुपदेशक म्हणून काम करते. कोणाच्या घराण्यात कॅन्सर दिसतो, तो रक्तातून पुढे चाललाय का, तपासणी कोणाची करायची, आणि निकाल आला की त्याचा अर्थ काय, हे घरच्यांसोबत बसून उलगडायचं, हे माझं काम. निकाल वाईट असला तर सांगताना जड जातं, पण त्याच्यापुढे रस्ता असतो. तपासण्या कधी, ऑपरेशन करायचं का, बहीण-भावंडांना सांगायचं कसं, सगळं ठरवता येतं. निकाल चांगला असला तर बोलायला फार लागत नाही. तिसरा निकाल म्हणजे व्हीयूएस, व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स. बदल सापडलाय, पण तो घातक आहे की निरुपद्रवी, हे आज जगात कोणालाच सांगता येत नाही.

2022 चा जुलै होता. सकाळपासून धो धो पाऊस, वंदना टॉकीजजवळ नेहमीप्रमाणे पाणी तुंबलेलं. तरी दोघं वेळेच्या दहा मिनिटं आधी हजर होते. मुलगी 34 वर्षांची, कळव्यात शिकवण्या घेणारी, दोन मुलांची आई. बरोबर तिचे वडील, किसननगरला राहणारे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. आई 39 व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने आजारी पडली आणि 41 व्या वर्षी गेली. तेव्हा ही तेरा वर्षांची. सख्ख्या मावशीलाही 48 व्या वर्षी तोच आजार झाला, ती उपचारांतून बरी झाली आणि खेडला असते.

मुलगी निर्णय करूनच आली होती. सर्जनशी बोलून ठेवलं होतं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही स्तन काढून टाकायचे. निगेटिव्ह आला तर विषय संपला. खुर्चीत टेकताच तिने विचारलं, "मॅडम, हो की नाही, एवढंच सांगा."

हो किंवा नाही यातलं एकही माझ्याकडे नव्हतं. बदल बीआरसीए-2 या जनुकात होता. हे जनुक 1995 साली ओळखलं गेलं. त्यावरून बनणारं प्रथिन तुटलेला डीएनए सांधायच्या कामात असतं. जनुक बिघडलेलं असेल तर बाईला 80 वयापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे 69 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून ते नाव ऐकलं की लोक ऑपरेशनची तयारी करतात, आणि ती योग्यच असते. पण हिच्या जनुकात तुटफूट नव्हती. डीएनएच्या एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर आलं होतं, आणि त्यामुळे 3,418 मण्यांच्या त्या प्रथिनाच्या माळेत एक मणी वेगळा ओवला गेला होता. वेगळा म्हणजे वाईटच असं नाही. प्रत्येक माणसाचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएतली सगळी अक्षरं, प्रमाण जीनोमपेक्षा चाळीस-पन्नास लाख ठिकाणी वेगळा असतो, आणि त्यातल्या बहुतेक बदलांनी काहीही बिघडत नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, मग पैसे भरून कळलं काय?

मला तो प्रश्न लागला. त्याच वर्षी 31 मार्चला माणसाचा जीनोम पहिल्यांदा टोकापासून टोकापर्यंत पूर्ण वाचून झाल्याचे शोधनिबंध आले होते. 2003 साली काम झालं म्हणून जाहीर केलं, तेव्हाही साधारण 8 टक्के भाग राहिलाच होता. तो 19 वर्षांनी भरून निघाला. त्याची बातमी मी कौतुकाने केबिनच्या बोर्डवर लावली होती. 300 कोटींच्या वर अक्षरं वाचून झाली, आणि समोरच्या बाईच्या एका अक्षराबद्दल मी म्हणत होते, ठाऊक नाही. ती बातमी तिच्या डोक्याच्या अगदी मागे टाचलेली होती. मला तिकडे बघवेना.

"ठाऊक नाही म्हणजे मशीनला नाही कळलं, की माणसांना?" तिच्या वडिलांनी, काकांनी, पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मशीनने बरोबर वाचलंय काका. ते दोनदा तपासलंय. अर्थ माणसांना लागत नाहीये."

"म्हणजे मोजमाप पक्कं आहे, ड्रॉइंगच नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी चौतीस वर्षं क्वालिटीला काढली होती. पुढची दहा मिनिटं ते बोलले आणि मी ऐकलं. बोअरमध्ये, म्हणजे पाडलेल्या भोकात, गो-नो गो गेज घालून बघायचा. गो आत गेला पाहिजे, नो-गो अडला पाहिजे. पास झाला की हिरवा टॅग, नापास झाला की लाल. पण काही पीस असे यायचे की गेजमध्ये बसतात, पण पृष्ठभागावर एक खूण दिसते, आणि ती खूण चालते की नाही हे ड्रॉइंगमध्ये लिहिलेलंच नसतं. त्यांना पिवळा टॅग. होल्ड.

"पिवळ्या टॅगचा माल कोणाला आवडत नाही," काका म्हणाले. "प्रॉडक्शनवाला म्हणतो पास कर, स्टोअरवाला म्हणतो भंगारात टाक. टॅगवर तारीख आणि सही नसेल तर महिनाभरात तो माल आपोआप इकडे नाहीतर तिकडे जातो. कोणी ठरवत नाही, पण जातो. तुमच्या या टॅगवर तारीख कुठंय?"

रिपोर्टच्या अकराव्या पानावर, बारीक अक्षरात, एक ओळ होती: 'नवीन माहिती आल्यास वर्गीकरण बदलू शकते, ठरावीक काळाने पुन्हा विचारणा करावी.' विचारणा कोणी करावी, केव्हा, कोणाकडे, काहीच नव्हतं. मी ती ओळ त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

मुलीला मी त्या दिवशी दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. या एका अक्षरावरून ऑपरेशन करायचं नाही. 2015 पासून जगभरच्या प्रयोगशाळा जी पाच पायऱ्यांची वर्गवारी वापरतात, तिच्यात ही मधली पायरी, आणि तिच्यावर उपचाराचा निर्णय उभा करायचा नसतो. आणि दुसरं, म्हणून निर्धास्त राहायचं असंही नाही. आई 39 व्या वर्षी आजारी पडली एवढी माहिती तिच्या तपासण्या आत्तापासून सुरू करायला पुरेशी होती. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी, वर्षाला मॅमोग्राफी, जोडीला एमआरआय. ती रडली नाही. "म्हणजे मी लटकत राहायचं," एवढंच म्हणाली. मी "हो" म्हटलं. तिला त्याहून बरा शब्द द्यावा असं वाटलं होतं, पण खोटा द्यायचा नव्हता.

त्या रात्री मी जुन्या फायली काढल्या. काकांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. 2018 मध्ये डोंबिवलीच्या एका बाईंना मी असाच रिपोर्ट दिला होता. दुसरं जनुक, पण पायरी तीच. प्रयोगशाळेच्या संगणकावर त्यांचा बदल 2020 मध्येच निरुपद्रवी ठरलेला होता. त्यांना ते कोणी कळवलं नव्हतं. फोन केला तेव्हा समजलं की 2019 मध्येच दुसरीकडे त्यांची दोन्ही बीजकोशं काढून झाली होती, त्या रिपोर्टच्या आधारावर. नियम कोणाचाच मोडला नव्हता. पिवळा टॅग लाल डब्यात गेला होता, इतकंच. त्या फोनवर शांतपणे म्हणाल्या, "आता कळून काय करू?" मला अजूनही तो आवाज आठवतो.

दुसऱ्या आठवड्यात मी रजिस्टर सुरू केलं. नाव, बदल, दिल्याची तारीख, पुन्हा बघण्याची तारीख, सही.

काकांच्या लेकीचं काम मात्र वाट बघण्यापुरतं नव्हतं. हा बदल तिला आईकडून आलाय का, हे शोधता येण्यासारखं होतं. आई नव्हती. आईच्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा मिळाला असता तर त्यातून डीएनए काढून बघता आला असता. चौकशी केली, पण वीस वर्षांपूर्वीचा तो नमुना राहिलेला नव्हता. उरले दोघं, वडील आणि मावशी. काकांनी तिथल्या तिथे बाही वर केली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. बदल काकांकडून आला होता.

हे मी गृहीत धरलंच नव्हतं. आईला कॅन्सर, म्हणून सगळ्यांची नजर आईकडे. काका 68 वर्षांचे, धडधाकट, त्यांच्या तिन्ही बहिणी साठीच्या पुढच्या, एकीलाही स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर नाही. म्हणजे आईच्या आजाराचं कारण हे अक्षर नव्हतंच. काका बराच वेळ रिपोर्टवरच्या स्वतःच्या नावावर बोट ठेवून बसले. "मी हिला दिलंय," म्हणाले. मी म्हटलं, अजून काय दिलंय तेच कळलेलं नाही काका, आधीच दोष घेऊ नका.

मावशीचा नमुना गणपतीत आला. मुलगी खेडला गेली तेव्हा लाळेची नळी घेऊन गेली, फोनवर मी मावशींशी बोलले, संमती घेतली. त्यांचा एकच प्रश्न होता, "अक्का कशाने गेली, ते कळेल का?" मी म्हटलं, कळू शकतं. त्यांचं एकच अक्षर न बघता कॅन्सरशी संबंध असलेल्या माहितीतल्या जनुकांची सगळी तपासणी केली. काहीच सापडलं नाही. 'काही नाही' याचाही अर्थ नीट सांगावा लागतो. कुटुंबात चालत आलेल्या स्तनाच्या कॅन्सरपैकी निम्म्याहून कमी भागाचं कारण ओळखीच्या जनुकांतून लागतं. बाकी ठिकाणी छोटे छोटे अनेक बदल मिळून असेल, एखादं न ओळखलेलं जनुक असेल, दोन बहिणींच्या वाट्याला आलेला निव्वळ योगायोग असेल. मावशींना मी हे सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या.

2023 च्या जुलैत मी प्रयोगशाळेला फोन केला, बदल त्याच मधल्या पायरीवर. 2024 च्या जुलैत केला, तिथेच. अडचण एक होती. असा बदल निरोगी लोकांत किती वेळा दिसतो हे बघायला जनुकीय माहितीचे जे मोठे साठे वापरतात, त्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या जातीतच, पोटजातीतच लग्नं झालेली. एखादं अक्षर सातारा-रायगडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका समाजात सहज आढळणारं आणि लंडनच्या साठ्यात शून्य, असं होऊ शकतं. दुर्मीळ दिसलं की संशय वाढतो, आणि दुर्मीळ ते केवळ एवढ्यासाठी दिसतं की आपल्या माणसांना कोणी मोजलेलंच नाही. 2025 च्या जानेवारीत जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पातला 10,000 भारतीयांच्या जीनोमचा डेटा संशोधकांना खुला झाला, तेव्हा मी मनापासून आनंदले ते यासाठी.

त्याच महिन्यात 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दुसरं काम आलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या नेतृत्वाखालच्या गटाने बीआरसीए-2 चा एक भाग घेतला, प्रथिन ज्या भागाने डीएनएला धरतं तो. त्यातले एकेका अक्षराचे जवळपास 7,000 बदल क्रिस्पर हे जनुकात हवा तो बदल करायचं तंत्र वापरून माणसाच्या पेशींत घडवून पाहिले. पेशी मुद्दाम अशा निवडलेल्या की बीआरसीए-2 नीट चाललं नाही तर त्या तगत नाहीत. पेशी टिकल्या की बदल चालणारा, गळाल्या की घातक. वाचताना मी मोठ्याने म्हटलं, हा गो-नो गो गेजच आहे! ड्रॉइंग नव्हतं, म्हणून त्यांनी प्रत्येक पीस चालवूनच बघितला.

काकांच्या लेकीचं अक्षर त्याच भागातलं होतं. पेशी टिकल्या होत्या.

प्रयोगशाळेचा सुधारित रिपोर्ट जूनमध्ये आला. बहुधा निरुपद्रवी. मी जुलैची वाट न बघता फोन केला. दोघं आले, पाऊस तसाच. मुलीने ती ओळ दोनदा वाचली आणि मग पहिल्यांदा, तीन वर्षांत पहिल्यांदा, माझ्यासमोर रडली. मी तिला सांगितलं की मॅमोग्राफी आणि एमआरआय चालूच ठेवायचं, कारण तो धोका आईकडून मोजलेला आहे आणि तो कमी झालेला नाही. "ते करेनच," म्हणाली. "पण बाबांचं ओझं उतरलं."

काकांनी रजिस्टर मागितलं. मी त्यांच्या ओळीवर हिरव्या पेनाने निकाल लिहिला. त्यांनी तो बघितला, पान उलटलं नाही.

"आणि हिच्या आईचं?"

"ते नाही कळलं काका. मावशींच्या तपासणीतही काही नाही."

"मग ते होल्डला."

मी खाली नवीन ओळ आखली. आईचं नाव घातलं, मावशींच्या नमुन्याचा नंबर घातला. पुन्हा बघण्याच्या रकान्यात जुलै 2027 लिहिलं. तोवर मावशींच्या डेटावर पुन्हा एकदा नव्या यादीने नजर टाकायची.

काकांनी चष्मा वर करून ओळ वाचली, आणि शेवटच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.

"सही?"