फुगलेली वाक्यं

शोधनिबंध लिहून झाला की तपासायला बसायचं आणि पहिला तास ऱ्हस्व-दीर्घात घालवायचा, ही आपली रीतच आहे. 'कि'चं 'की' करायचं, दोनदा पडलेला 'मध्ये' खोडायचा, पूर्णविरामाआधीची मोकळी जागा पुसायची. यात मन छान रमतं. काम केल्याचं समाधान मिळतं आणि एकही अवघड निर्णय घ्यावा लागत नाही. म्हणूनच मी हे सगळ्यात शेवटी ठेवते. जो परिच्छेद उद्या उडवायचाच आहे, त्याचं शुद्धलेखन आज कशाला?

खरी तपासणी मोठ्याने वाचताना होते. डोळे लबाड, जे लिहायचं होतं तेच ते वाचतात. जिभेला ती सोय नाही. संशोधनपद्धतीचा भाग ती सुरळीत वाचते: प्रश्नावली कशी केली, कुणाला दिली, किती परत आल्या. वाक्यं आखूड, क्रियापदं रोखठोक. मग चर्चेचा भाग येतो आणि तिसऱ्याच ओळीला धाप लागते. 'उपरोक्त विवेचनाच्या अनुषंगाने असे प्रतिपादन करता येऊ शकेल की, सदर घटकांचा परस्परसंबंध काही प्रमाणात सूचित होत असल्याचे दिसून येते.' एका वाक्यात चार वेळा माघार!

हे दुखणं भाषेचं नाही. जे हाताने केलं ते सरळ सांगता येतं, जे अजून नीट उमगलेलं नाही तिथे वाक्य फुगतं. अशा वाक्याची रंगरंगोटी करत बसू नये. त्याला थेट विचारावं, म्हणजे नेमकं काय? बऱ्याचदा उत्तर पाच-सहा शब्दांत येतं: 'वाचनाचा वेळ वाढला, तसे गुणही वाढले.' कधीकधी उत्तरच येत नाही. मग वाक्य उडवायचं, नाहीतर मुकाट्याने आकडेवारी पुन्हा उघडायची.

संशोधकाने सावध असू नये का? असावंच. पण दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या एवढंच दिसलं, एकीमुळे दुसरी वाढली असं सिद्ध झालेलं नाही, हे साध्या मराठीत एकदा सांगितलं की पुरतं. दर वाक्यात 'कदाचित' पेरायची गरज उरत नाही. 'अनेक अभ्यासकांच्या मते' हा असाच एक आडोसा. पुढच्या कंसात नाव मात्र एकाचंच, आणि त्याचा निबंध उघडावा तर तिथेही 'अनेक अभ्यासकांच्या मते'.

आकड्यांचं तपासणं वेगळं. तिथे जीभ कामाची नाही; कागद शेजारी-शेजारी मांडावे लागतात. गोषवाऱ्यात २१२ जण आणि तक्त्यात २०८, असं सर्रास असतं. चौघे मध्येच गळले हे आपल्याला पाठ असतं, पण कागदावर कुठेच नसतं. तीन गटांचे ३३.३ टक्के मिळून ९९.९ होतात, म्हणून एकाला हळूच ३३.४ करू नये. 'पूर्णांकनामुळे बेरीज १०० येत नाही' अशी टीप तक्त्याखाली टाकावी.

संदर्भसूचीबद्दल फार लिहित नाही, ते काम कंटाळवाणंच आहे. मजकुरातलं प्रत्येक नाव सूचीत हवं, सूचीतलं प्रत्येक मजकुरात. सॉफ्टवेअर असलं तरी बघावं लागतं. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीच्या सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असले की पहिल्या उल्लेखात सगळ्यांची नावं द्यावी लागत, २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून तीन लेखक झाले की पहिल्याच वेळी 'व इतर' चालतं. अर्धा निबंध जुन्या फाइलमधून उचललेला असला की दोन्ही पद्धती सुखाने एकत्र नांदतात.

निनावी परीक्षणासाठी, म्हणजे लेखक कोण हे परीक्षकाला कळू न देता, पाठवायचं असेल तर पहिल्या पानावरचं नाव काढणं पुरत नाही. फाइलच्या माहितीत ते असतंच, आणि 'आमच्या याआधीच्या अभ्यासात' असं लिहून कंसात स्वतःचंच आडनाव दिलं की झालंच.

एवढं करून निबंध नियतकालिकाच्या पोर्टलवर चढवला की ते स्वतःची पीडीएफ बनवतं आणि मंजुरी मागतं. कंटाळून लगेच बटण दाबू नये. ती शेवटच्या पानापर्यंत उघडून बघावी. सगळ्यात रुंद तक्त्याचा उजवा रकाना हटकून पानाबाहेर गेलेला असतो.