निरंक

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या महा-ई-सेवा केंद्रात पंधरा वर्षं मी लोकांचे फॉर्म भरतोय. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर, आणि सीझनला सीईटीवाल्या पोरांची रांग. एवढ्या वर्षांत एक नियम मोडला नाही. ज्या रकान्यापुढं लाल चांदणी नाही, त्याला हात लावायचा नाही. फारच मोकळं दिसायला लागलं तर ‘निरंक’ लिहायचं. जास्तीचं लिहिलं की टेबलापलीकडच्या माणसाला जास्तीचा प्रश्न सुचतो. एका आजींनी ‘शेरा’ या रकान्यात हट्टानं लिहून घेतलं होतं, मुलगा पुण्याला असतो, पैसे पाठवत नाही. झालं, मुलाच्या पगाराचा कागद आणा म्हणाले. तीन हेलपाटे पडले म्हातारीला.

त्यामुळं दिवाळीनंतर भाची लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, यातले ऐच्छिक निबंध लिहू का नको, सांग,” तेव्हा माझं उत्तर तयारच होतं. सोड मोकळं.

ती यंदा बारावीला आहे. अमेरिकेत रसायनशास्त्र शिकायचं डोक्यात घेतलंय. कॉमन ॲप नावाचा एकच फॉर्म भरला की तो हजारावर कॉलेजांना चालतो. त्यात एक मुख्य निबंध, २५० ते ६५० शब्दांचा. त्याच्या पुढं ऐच्छिक रकाने. अडचणी आणि परिस्थितीबद्दल २५० शब्द. आणखी काही सांगायचं असेल तर ३०० शब्द. हे आधी ६५० होते, २०२५ला कमी केले. (वाचून वाचून तेही कंटाळले असणार.) शिवाय कॉलेजागणिक वेगळे प्रश्न, त्यातले काही पुन्हा ऐच्छिक. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा फॉर्म वेगळा असतो, पण त्यांचं मला बरं वाटलं : आठ प्रश्न, त्यातले कुठलेही चार, प्रत्येकी ३५० शब्द. आपल्या जुन्या प्रश्नपत्रिकेसारखं. ऐच्छिक म्हणून कोड्यात टाकत नाहीत.

पुण्याच्या एका ऑनलाइन काउन्सेलर मॅडमनी तिला सांगितलेलं, ऐच्छिक म्हणजे सक्तीचंच समजायचं, एकही रकाना मोकळा दिसता कामा नये. ताईचं म्हणणं, महापुरावर लिही. शेजारच्या काकूंचंही तेच. २०१९ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. ताईचं घर गावभागात, तळमजला पूर्ण पाण्यात. एवढं मोठं संकट कुणाच्या फॉर्मात असणार आहे, असा सगळ्यांचा सूर.

भाची म्हणाली, “मामा, पुरात मी काय केलं? सहावीत होते. तुझ्याकडं अकरा दिवस कॅरम खेळले. ते लिहू?”

मला हसू आलं, पण मुद्दा बरोबर होता. पूर ताई-दाजींनी सोसला. चिखल त्यांनी उपसला. पोरीनं तो आपल्या नावावर का खपवायचा? शिवाय त्या फॉर्मात नववीपासूनचे मार्क बघतात, सहावीतल्या पुरानं त्यातलं काहीच हललेलं नाही.

हललं होतं ते अकरावीत. दाजींचा पाय मोडला आणि चार महिने ती दुपारनंतर त्यांच्या दुकानात बसली. सहामाहीला मार्क घसरले, वार्षिकला परत वर आले. हे तिला लिहायचंच नव्हतं, रडगाणं वाटतं म्हणून. इथं मात्र मी माझा नियम बाजूला ठेवला. गुणपत्रिकेत खड्डा दिसतोय आणि कारण कुणी सांगत नाही, तर वाचणारा स्वतःचं कारण घालतो. मग माझ्या धंद्यातली अक्कल कामाला आली : कधीपासून कधीपर्यंत, काय झालं, रोज किती तास गेले, पुढं काय झालं. एकही विशेषण नाही. २५० शब्दांच्या रकान्यात ८४ शब्द झाले. मॅडम म्हणाल्या, अजून भावना हव्यात. भाचीनं तेवढं ऐकलं नाही.

एका कॉलेजाचा ऐच्छिक प्रश्न होता, आमच्याकडंच का यायचंय, १५० शब्दांत. दोन संध्याकाळी ती त्यावर बसली. ‘सुंदर परिसर’, ‘नामवंत प्राध्यापक’, पुढं गाडी जाईना. मी विचारलं, हे कॉलेज यादीत आलं कसं? तर अर्जाला फी नाही म्हणून. आपल्याकडं इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, पोरं डोळे झाकून कोडमागून कोड टाकतात, ती सवय. तिनं निबंध नाही, कॉलेजच काढून टाकलं. मला वाटतं या ऐच्छिक प्रश्नांचा खरा उपयोग हाच असावा.

राहिलं ड्यूक विद्यापीठ. त्यांनी स्वच्छ लिहिलंय, हे प्रश्न ऐच्छिक आहेत, अर्जात दुसरीकडं कुठं न आलेलं काही अर्थाचं सांगण्यासारखं असेल तर उत्तर द्या. २५० शब्द. मुख्य निबंध तिनं दुकानावर लिहिलेला, त्यामुळं आता काय उरलं, हा प्रश्न. माझं मत अर्थात निरंक.

तेवढ्यात आमच्या आण्णांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, चिवड्यातले शेंगदाणे वेचता वेचता विचारलं, “पेवाचं लिहिलंस का?”

आण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हरिपूरला जमिनीखाली पेवं असायची. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली पोट मोठं. आत उसाचा पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं बंद. वर्षानुवर्षं कीड लागत नाही. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, मग गोदामं आणि कोल्ड स्टोरेज वाढली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आण्णा दोरीला कंदील बांधून सोडायचे. विझला की थांबायचं.

भाची आठ वर्षांची असताना आण्णांनी तिला हे काचेच्या बरणीत मेणबत्ती ठेवून दाखवलं होतं. झाकण लावलं, ज्योत गेली. तिनं विचारलं, हवा तर आतच आहे, मग कशानं विझली? आण्णांना सांगता येईना. त्यांना एवढंच माहीत, की कंदील विझला तर माणूस मरतो. पुढं सातवीत पुस्तकात ऑक्सिजन आला, तेव्हा ही पोरगी शाळेतून थेट आण्णांकडं आली होती, उत्तर घेऊन.

हे घरात सगळ्यांना ठाऊक. तिच्या चौदा पानी अर्जात कुठंच नव्हतं. तिथं होते मार्क, ऑलिम्पियाड, प्रमाणपत्रं. रसायनशास्त्र का, याचं उत्तर नव्हतं.

तिनं त्याच रात्री लिहिलं. मॅडमनी सुचवलेल्या सुरुवातीत “हळदनगरी सांगलीची कन्या” असलं काहीतरी होतं, ते उडवलं. कंदिलापासून सुरुवात. २३१ शब्द. इंग्रजी मला फार कळत नाही, पण ‘पेव’ हा शब्द तिनं तसाच ठेवला होता आणि पुढच्याच ओळीत काय ते सांगितलं होतं, एवढं कळलं.

जानेवारीच्या मुदतीदिवशी ती रात्री माझ्याकडं आली, माझं नेट चांगलं म्हणून. कॉमन ॲपची वेळ अमेरिकेची नाही, अर्जदार जिथं बसलाय तिथल्या घड्याळाची रात्री ११:५९. म्हणजे विश्रामबागेतली. मी दुपारपासून तेच मोजत होतो. साडेनऊला तिनं सगळं एकदा वरपासून खाली दाखवलं. ८४ शब्द. पेव. ३०० शब्दांचा रकाना पांढराफटक.

माझा हात शिवशिवला. “इथं निदान निरंक तरी टाकूया?”

“मामा,” ती म्हणाली, “निरंकला इंग्रजीत काय म्हणतात?”

मी विचार करेपर्यंत तिनं सबमिट दाबलं होतं.